अस्सल बरहुकूम नक्कल

ज्या मनुष्याने घरास कुलूप लावून ते तीनदा ओढून पाहिले नाही, चार पावले गेल्यावर परत फिरून चौथ्यांदा ओढले नाही, आणि एसटीत बसल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून ‘कुलूप लावलंय ना हो मी?’ असे शेजाऱ्यासच विचारले नाही, त्याला आमच्या नकलदारांचे अंतरंग उलगडून सांगणे कठीण आहे. नकलदार हे त्यांचे आडनाव नव्हे. महसूल खात्यात नकला देण्याच्या टेबलावर त्यांची हयात गेली, आणि ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून त्याखाली सही करण्यात त्यांच्या उजव्या हाताची जी शक्ती खर्ची पडली, तिच्या मोबदल्यात वणीकरांनी त्यांना ही पदवी बहाल केली. पेन्शनीत निघाल्यावर नांदुरीमार्गे सप्तशृंगीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांनी टायपिंग-झेरॉक्सचे दुकान थाटले. चैत्रात खानदेशातून पायी येणारे यात्रेकरू त्या दुकानाच्या पायरीवर टेकतात, पाणी पितात आणि पुढे जातात, ते सुखी. ज्यांना आत जाऊन अर्ज टाइप करून घ्यायचा असतो, त्यांची यात्रा तेथे सुरू होते.

एकदा द्राक्षबागायतदार दादा घाईघाईने आले. गारपिटीच्या पंचनाम्यासाठी आदल्या दिवशी टाइप केलेल्या अर्जात गट क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. सातच्या जागी नऊ करायचा, कागद छापायचा आणि दहाची दिंडोरीची गाडी पकडायची, एवढाच मामला. नकलदारांनी संगणकावरचा पंचा काढून त्याची चौपदरी घडी घातली. चष्मा पुसला. मग अर्जाची फाइल माउसच्या चिमटीत धरून, तान्ह्या मुलास एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यावे तितक्या अलगदपणे, त्यांनी ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चित्रावर नेऊन सोडली. ‘टिंग’ असा आवाज झाला.

“झालं?” दादा म्हणाले.

“नक्कल झाली. आता ताडून पाहू.”

मूळ अर्ज एका बाजूस आणि नक्कल दुसऱ्या बाजूस उघडून, ‘मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ येथपासून ‘कळावे’ येथपर्यंत, दोन्हींवर एकेक बोट ठेवून त्यांनी ओळीमागून ओळ ताडली. नक्कल अस्सल बरहुकूम असल्याची खातरजमा होताच ती बंद केली, मूळ पुढे घेतले, नवाचा आकडा घातला, आणि छपाईचे बटण दाबण्यापूर्वी ‘आता हा दुरुस्त झाला, म्हणजे हाही मूळच’ असे म्हणून पुन्हा एकदा ‘टिंग’ केले. दहाची गाडी तोपर्यंत गावाबाहेर पडली होती.

ते कोपऱ्यातले चित्र म्हणजे पुण्यास संगणकाच्या नोकरीत असलेल्या भाच्याची देणगी होय. मामांनी एकदा कोणाचे तरी प्रतिज्ञापत्र उघडून त्यातील नाव-गाव बदलले व दुसऱ्याचे प्रतिज्ञापत्र सिद्ध केले. परंतु ते ‘सेव्ह’ करताच पहिला प्रतिज्ञाता इहलोकातून नाहीसा झाला, हे लक्षात येऊन त्यांना रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा भाच्याने ही इवलीशी युक्ती बसवून दिली. फाइल त्या चित्रावर सोडली की तिची एक प्रत ‘पूर्वप्रती’ नावाच्या फोल्डरात जाऊन पडते आणि तिच्या नावापुढे वर्ष, महिना, दिवस, तास व मिनिट आपोआप चिकटते. वर्ष आधी आणि दिवस नंतर असा उलटा क्रम अशासाठी, की त्यामुळे सगळ्या प्रती आपोआप जन्मानुक्रमाने उभ्या राहतात. मूळ फाइल होती तेथेच राहते. तिच्यावर मग खुशाल हत्यार चालवावे. युक्ती एवढीच आहे आणि खरोखर चांगली आहे. भाच्याने जाता जाता आणखी एक सूत्र सांगितले: ऐवजाच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत गावाबाहेर असावी. इतर कोणी हे ऐकून मान डोलावली असती. नकलदारांनी ते अमलात आणले. एक पेनड्राइव्ह देवघरात पितळी देवांशेजारी स्टीलच्या डब्यात असतो आणि दुसरा पंचवटीत बहिणीच्या घरी. ती बिचारी तो दसऱ्याला झेंडूचे फूल वाहून पूजते, कारण तिच्या समजुतीप्रमाणे ते भावाच्या पत्रिकेतील कसल्याशा ग्रहाचे यंत्र आहे.

त्या युक्तीपूर्वीचा काळ त्यांच्या फोल्डरांत शिलालेखासारखा कोरलेला आहे. ‘अर्ज अंतिम’, ‘अर्ज अंतिम पक्का’, ‘अर्ज अंतिम पक्का हाच’, ‘हाच नव्हे, खालचा’, अशी ती नामावली वाचताना, माणसाची शाश्वताची ओढ आणि तिची व्यर्थता यांवर निराळे प्रवचन ऐकण्याची गरज उरत नाही. २०२२ साली गडावर देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर उतरवले आणि आतील मूळ रूप दर्शनास आले, तेव्हा गावातल्या वृद्धांचे डोळे भरून आले; नकलदारांचेही आले, पण त्यांच्या सद्गदित होण्याचे कारण निराळे होते. “गुरुजी,” ते मला म्हणाले, “इतके थर चढले, पण मूळ आत कायम!” त्यांच्या फोल्डरातले थर उतरवणारा कसबी इसम कोठे मिळेल, असे मी विचारले, तर पुढचे दोन दिवस त्यांनी मला चहा दिला नाही.

महसूल दप्तरात कागदांची वर्गवारी असते. ‘अ’ वर्गातील कागद कायम जतन करायचे, ‘ब’ वर्गातील तीस वर्षे, आणि ‘ड’ वर्गातील वर्ष उलटल्यावर नष्ट करायचे. उभी हयात हा जाबता पाळूनही नकलदारांच्या अंतःकरणात मात्र ‘अ’ हा एकच वर्ग आहे. लग्नपत्रिकेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या बालगोपाळांच्या विनंतीत एक नाव वाढले, तर त्याच्या आधीची पत्रिकाही त्यांच्यापाशी आहे. तो काका आता स्वतः सासरा झाला असला तरी आहे.

मी त्यांना तुकोबांचे उदाहरण देऊन डिवचले. म्हटले, गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली. श्रद्धा असेल तर नदीही प्रत परत देते. नकलदार शांतपणे म्हणाले, “ती तुकोबांना दिली. बाकीच्यांसाठी संताजी जगनाड्यांनी अभंग उतरून ठेवलेच होते ना?” मी निरुत्तर झालो. चमत्कार एकाच्या वाट्यास येतो आणि उरलेल्या जगाचा व्यवहार उतरून ठेवणाऱ्यांवर चालतो, हे सत्य कोणत्याही कीर्तनकाराने मला इतक्या थोड्या शब्दांत सांगितले नव्हते.

तथापि राखून ठेवणे आणि हाती लागणे यांमध्ये एक नदी आहे, आणि तिच्यात नकलदारही एकदा गटांगळ्या खाऊन आले. शतक पालटण्याच्या सुमारास त्यांनी घरच्या पहिल्या संगणकावर दोघा भावांच्या वाटणीपत्राचा मसुदा केला होता. पुढे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ भांडले आणि ‘मुळात काय ठरलं होतं ते पाहू’ म्हणून दुकानात येऊन उभे राहिले. फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी स्थलांतरे करीत आलेली ती फाइल नकलदारांनी अर्ध्या मिनिटात काढली. विजयी मुद्रेने उघडली. आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीच्या खुणा व उद्गारचिन्हे यांची खिचडी सांडली.

“हे इंग्रजीत कोणी केलं?” धाकटा भाऊ संशयाने थोरल्याकडे पाहत म्हणाला.

त्यात कोणाचाच हात नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्वतःचे हक्काचे स्थान असले, तरी आपल्याकडच्या दुकानांत कितीतरी वर्षे असे फाँट चालत, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रे पोटभाडेकरू म्हणून राहत. फाँट गेला की भाडेकरू जातात आणि घरमालक दारात येऊन उभा राहतो. नकलदारांचा चेहरा उतरला. ते उठले, आणि कपाटाच्या वरच्या खणातून लाल रुमालात बांधलेला एक बस्ता काढून त्यांनी माझ्यापुढे सोडला. आत पणजोबांच्या हातचे मोडीतले कागद होते. वळण मोत्यासारखे, शाई अजून काळीभोर. “हेही जपलंय,” ते म्हणाले. “आजोबांना वाचता यायचं, वडिलांना थोडं थोडं. मला येत नाही.” पुण्याच्या पेशवे दप्तरात असेच हजारो रुमाल आहेत आणि मोडी जाणणाऱ्यांची वाट पाहत आहेत, हे मला ठाऊक होते, पण त्या दिवशी मोडीचा कागद आणि पडद्यावरची खिचडी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली मी प्रथमच पाहिली.

चौथ्या दिवशी तो फाँट सापडला. तो कोठे सापडावा? नकलदारांच्याच एका सीडीवर. कारण फाइलींच्या नकला करताना त्यांनी सवयीने फाँटाचीही नक्कल करून ठेवली होती. भाऊ पुन्हा आले. मसुदा शुद्ध मराठीत उघडला. पाण्याच्या पाळीचे कलम आले आणि दुकानातले सर्व जण पुढे वाकले. तेथे टिंबांची एक लांब ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिले होते: ‘हे मागाहून ठरवावे.’

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. नकलदार वणीचा इतिहास लिहीत आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. इ. स. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी वणी-दिंडोरीच्या मुलखात गाठ पडली आणि महाराजांनी तिचा मोड केला, हे त्या ग्रंथाचे पहिले वाक्य. मी एकदा आग्रहच धरला, तेव्हा त्यांनी फाइल दाखवली. पूर्वप्रती चौसष्ट होत्या. अकरा वर्षांतल्या. त्या मी एकामागून एक उघडल्या, आणि चौसष्ट प्रतींत वाक्य एकच होते. त्यास दुसरे जोडीदार वाक्य मिळालेले नव्हते. चौकशीअंती कळले, की ‘गाठ पडली’ याऐवजी ‘सामना झाला’ असे करावे असा विचार अकरा वर्षे त्यांच्या मनात घोळत असून, तो प्रबळ झाला की ते फाइल चित्रावर सोडतात, टिंग करतात, प्रत ताडतात, आणि एवढ्या श्रमानंतर थकून फाइल बंद करतात.

मला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले. महाराजांनी त्या स्वारीत लुटीचा ऐवज निराळ्या तुकडीबरोबर पुढे रवाना केला, पाठ मोकळी केली आणि मग ते दाऊदखानावर उलटले. आमचे नकलदारही ऐवज पुढे रवाना करतात, रोज करतात, बिनचूक करतात. फक्त उलटून लढाई तेवढी देत नाहीत. त्यांच्या नकलांच्या भरवशावर अर्ध्या गावाने आपापल्या कागदांत बिनघोर खाडाखोड केली, आणि ज्याने सर्वांस अभय दिले तो स्वतः मात्र एका क्रियापदापाशी अकरा वर्षे उभा राहिला.

एप्रिल महिना होता. बाकावर दहाची गाडी चुकलेले तेच दादा बसले होते. त्यांच्या हातांना द्राक्षाच्या काड्यांचे ओरखडे होते, कारण खरड छाटणी चालू होती. त्यांनी आमचे सर्व संभाषण ऐकले आणि ते म्हणाले, “नकलदारभाऊ, एक विचारू? आम्ही एप्रिलात सगळी काडी उतरवतो. बागेत नुसतं खोड अन् ओलांडे उरतात. नवीन माणसानं बघितलं तर म्हणतो, बाग मेली. मग नवी काडी येते, ऑक्टोबरात तीही परत छाटतो, तेव्हा कुठं घड लागतो. कात्री चालवताना हात कापत नाही, कारण मूळ जमिनीत आहे. तुमचं मूळ तर तीन-तीन ठिकाणी आहे. मग कात्री का चालत नाही?”

दुकानात शांतता पसरली. मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले, पण खोड आणि खोडणे, खरडा आणि खरड छाटणी यांचे नाते त्या ओरखडलेल्या हातांनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. नकलदार बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला.

“गुरुजी, तुम्ही खोडा. माझा हात होत नाही.”

मी त्या वाक्याच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत काळी पट्टी ओढली आणि बटण दाबले. अकरा वर्षांचे वाक्य गेले. पांढरे पान आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ एवढेच उरले. नकलदारांनी माउस परत घेतला, ती कोरी फाइल चिमटीत धरली आणि चित्रावर सोडली. टिंग. पासष्टावी प्रत; पूर्वीच्या चौसष्टांहून निराळी अशी पहिलीच. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी मूळ एका बाजूस आणि नक्कल दुसऱ्या बाजूस उघडली, दोन्हींवर एकेक बोट ठेवले, आणि कोऱ्या पानाशी कोरे पान, वरपासून खालपर्यंत, सावकाश ताडून पाहिले.

“बरहुकूम आहे,” असे म्हणून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.