त्यागाला चार तास सतरा मिनिटे

मा. जीवनकौशल्य अभ्यासक्रम यांस,

सा. न. वि. वि.

आपले वय पाहता खरे तर वर 'चि.' लिहायला हवे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये आपल्याला जन्माला घातले, 'जीवन कौशल' असे नाव ठेवले आणि २०२३ मध्ये सुधारित रूपात दुसऱ्यांदा बारसे केले. पण आपण सरकारी कागदावर आहात, गुणपत्रिकेत आपल्याला जागा आहे, तेव्हा 'मा.' बरे.

आपला मूळ आराखडा वाचून कोणाचाही ऊर भरून यावा. आठ श्रेयांक, चार भाग, प्रत्येकी दोन. संवाद, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन आणि वैश्विक मानवी मूल्ये. या शेवटच्या भागात प्रेम-करुणा, सत्य, अहिंसा, धर्माचरण, शांती, सेवा आणि त्याग असा सगळा ऐवज आहे. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. ते सातांत सारखे वाटले तर त्यागाच्या वाट्याला चार तास सतरा मिनिटे येतात. सिद्धार्थ गौतमाला घर सोडल्यावरही सहा वर्षे घालवावी लागली होती, पण त्याला पीपीटीची सोय नव्हती.

आपल्याला शिकवायचे कोणी, हा प्रश्नही महाविद्यालये सहसा चुटकीसरशी सोडवतात. ज्यांचा कार्यभार भरत नाही, त्यांच्याकडे आपण जाता. मग सहानुभूतीचे दोन प्रकार फळ्यावर लिहिले जातात, 'ताणतणावाचे व्यवस्थापन' यावर टीप येते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच फाइल साठ जणांकडे पोहोचते. नाव तेवढे बदलायचे. यात संघभावना, वेळेचे नियोजन आणि साधनांचा काटकसरीने वापर ही तिन्ही कौशल्ये दिसतात. गुण मात्र फाइलला मिळतात, हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

सगळे खापर आपल्यावर फोडण्याचा या पत्राचा हेतू नाही. आपल्याकडे येणारा मुलगा घरून पुरता तयार होऊन येतो. दहावीपासून त्याला एकच वाक्य ऐकवलेले असते: 'तू फक्त अभ्यास कर.' दूध उतू जात असेल तर त्याने हाक मारायची, उठायचे नाही. बँकेत बाबा जातात. डॉक्टरांना काय होते आहे ते आई सांगते, आणि हा शेजारी बसून मान डोलावतो. क्लासची फी, कॉलेजचा प्रवेश, होस्टेलचा अर्ज, सगळ्यांवर सही तेवढी त्याची. असा सुरक्षित वाढवलेला मुलगा अठराव्या वर्षी कायद्याने सज्ञान होतो आणि त्याच आठवड्यात आईला फोन करून विचारतो, की खिचडीला पाणी किती.

मुलीला हे विचारावे लागत नाही. तिची परीक्षा आधीच होऊन गेलेली असते, आणि तिला श्रेयांक कोणी देत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील लोकांत घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के निघाले. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. तेव्हा 'तरुणांमध्ये जीवनकौशल्यांचा अभाव' असे चर्चासत्राच्या फलकावर छापताना, त्यातले नक्की कोणते तरुण, एवढे एकदा विचारून घ्यावे.

आता हा मुलगा लातूरहून किंवा जळगावहून पुण्याला येतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतो. डिपॉझिट रोख देतो, पावती मागत नाही, कारण काका ओळखीचे आहेत. वर्षअखेरीस काका भिंतीवरच्या खिळ्याचेही पैसे कापून घेतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत पुढेच आहे. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे कायद्याने पारडे पोराच्या बाजूला झुकवून ठेवले आहे आणि पोरगा खिळ्याचे पैसे भरून 'सॉरी काका' म्हणतो आहे. संवादकौशल्याच्या दोन श्रेयांकांत त्याला समूहचर्चेत हात कसे ठेवावेत हे शिकवले होते. पावती मागण्याचा घटक अभ्यासक्रमाबाहेर.

त्याहून महाग धडा बँकेचा. कोणीतरी चहाच्या टपरीवर भेटतो. 'तुझं खातं दोन महिने वापरायला दे, बसल्या जागी काही हजार मिळतील.' पोराला ती पार्ट टाइम नोकरी वाटते. एटीएम कार्ड, सिम आणि पासबुक तो सुपूर्द करतो. कुठल्याशा निवृत्त गृहस्थाला 'डिजिटल अटक' दाखवून लुबाडलेली रक्कम त्या खात्यातून पुढे सरकते, आणि पोलीस सगळ्यात आधी येतात ते खातेदाराच्या गावच्या पत्त्यावर. तपास यंत्रणा अशा खात्याला 'म्यूल', म्हणजे ओझे वाहणारे खेचर, म्हणतात. पैसे गेल्याबरोबर १९३० या क्रमांकावर फोन केला तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. पण तो क्रमांक लुबाडल्या गेलेल्यांसाठी. खेचरासाठी वकील. आपल्या आराखड्यात 'डिजिटल साक्षरता' हा घटक आहे, याबद्दल आपले अभिनंदन करायचे राहून गेले होते.

आपल्याला थोडा इतिहास कळवणे भाग आहे, कारण आपले समर्थक आपण पहिलेच असल्यासारखे बोलतात. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करत, राबून शिकत. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच मुळी स्वावलंबी शिक्षण. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेही याच धर्तीवर. तिथे कोणी 'सहानुभूती' या विषयावर टीप लिहून घेतल्याची नोंद नाही. वेगळ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी खायची होती आणि उद्या आपण थापलेली त्याला वाढायची होती. भाकरी करपली तर पंगत तीच खाणार होती.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत ज्यांचे जमले नाही अशी पोरे तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती आणि पशुपालन हाताने करत शिकतात, आणि गावाची कामे मोबदला घेऊन करतात. पैसे दिलेला माणूस फाटक वाकडे लागले तर ऐकून घेत नाही. तो गुणपत्रिका पाहत नाही, फाटक पाहतो. शाळेने नापास केलेल्यांना हे मिळावे आणि सगळीकडे पास झालेल्यांना आपण मिळावे, ही वाटणी कोणी केली ते समजत नाही.

सातारा आणि पाबळ इथे एक गोष्ट समान होती: काम खरे होते, चुकले तर कोणाचे तरी खरोखर बिघडणार होते, आणि ते मुलांच्या हाती सोपवण्याचा धीर मोठ्यांकडे होता. हा धीर आपल्या आठ श्रेयांकांत कुठेच मागितलेला नाही. म्हणून एक नम्र विनंती. वसतिगृहाच्या मेसचा किराणा, भाजी, गॅस आणि हिशेब एक महिना पूर्णपणे विद्यार्थ्यांकडे द्यावा. अध्यक्ष म्हणून रेक्टर नकोत, 'मार्गदर्शक' म्हणूनही नकोत. मार्केट यार्डात पहाटे कोण जाणार यावरून भांडणे होतील, वीस तारखेला पैसे संपतील, उरलेले दहा दिवस मुले पिठले खातील आणि ज्याने पनीरचा हट्ट धरला त्याला रोज तेच ऐकवतील. नेतृत्व, व्यवस्थापन, अहिंसा आणि त्याग एकाच ताटात उरकतील. मूल्यमापनाला बाहेरचा परीक्षकही लागणार नाही, किराणावाला उधारी मागायला येईलच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता

ता. क. मतदार नोंदणीसाठी पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि अर्ज नमुना ६ मध्ये करायचा असतो. आपल्या नेतृत्वविकास तासाला जमलेल्या मुलांपैकी किती जणांनी तो भरला, हे एकदा विचारून पाहावे. हात थोडे वर आले तर पुढचा तास रद्द करून त्यांना मोबाइलवर तो अर्ज भरू द्यावा. हजेरी लावायला हरकत नाही.