कॅसेट आमची, डाउनलोड त्यांचं

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादेत कुठल्याही वस्तूची किंमत कापसात सांगितली की घरातल्या कर्त्या माणसाला ती लगेच उमगते. सोनीचा प्लेस्टेशन-५ (पीएस-फाइव्ह) नावाचा जपानी डबा २०२५ साली ५४,९९० रुपयांचा होता. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे पावणेसात क्विंटल कापूस ओतला की एक डबा घरी येतो. एवढं ओतल्यावर कुठलाही बाप विचारणारच, ‘‘ह्यात गेम किती आहेत रे?’’ खरं उत्तर आहे, एक. तोही कंट्रोलर काय काय करू शकतो हे दाखवणारा. बाकीचे विकत. नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांचा, म्हणजे आणखी साठेक किलो. बाप उठून जातो. पोरगं ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणतं. बापाला सगळं कळलेलं असतं, म्हणूनच तो उठलेला असतो.

आता मालाच्या प्रतीचं बघू. बाजार समितीच्या आवारात सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, माणूस कापसाच्या ढिगात ओलाव्याचं यंत्र खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, बाराच्या वर काटा गेला की गाडी परत. गेम कंपन्यांच्या आवारात हे यंत्र अजून पोचलेलं नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ हा गेम २०१२ साली जाहीर केला आणि १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आणला. जुन्या पीएस-फोरवर तो इतका अडखळला, की आठवडाभरात सोनीला तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढावा लागला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. सहा महिन्यांनी तो परत आला. पुढे दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होऊन खरोखर चांगलाही झाला. पण माल वाळायला दोन-तीन वर्षं आणि भाव पहिल्याच दिवशी पूर्ण, ही सोय आमच्या जैनथ-बेल्याच्या शेतकऱ्याला कोणी देईल का?

बरं, डबा जुना झाला की स्वस्त होतो, हा जगाचा नियम. कन्सोलवालेही तो पाळायचे. २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरना आलेला पीएस-टू २००९पर्यंत ९९ डॉलरवर उतरला होता. पीएस-फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. वय वाढलं तसा तो ५४,९९०वर गेला. अमेरिकेतही ४९९चा ५४९ डॉलर झाला. म्हातारपणी भाव वाढणाऱ्या वस्तू दोनच, जुनी दारू आणि नवा कन्सोल.

ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना ‘कन्सोल’ हा शब्दच ठाऊक नव्हता. त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचे. हैदराबादच्या कोठीतून नाहीतर नागपूरच्या सीताबर्डीतून एक चिनी बनावटीचा डबा यायचा, सोबत दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’. त्यातले खरे गेम मोजायला दोन-चार जणांची बोटं पुरायची. बाकी सगळी नावं बदलून बसवलेली तीच ती मंडळी. मारिओ, काँट्रा, टँक, सर्कस आणि पुन्हा मारिओ. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची ही सरळसरळ नक्कल. कायद्याने चोरीच. पण मारिओला भारतभर घरोघरी पोचवलं ते या नकलेनेच. निन्टेन्डोने २०१७ साली ‘स्विच’ नावाचा कन्सोल काढला, जगभर कोट्यवधींनी विकला, पण भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. मारिओला आम्ही तीस वर्षांपासून ओळखतो, त्याचा मालक मात्र आम्हाला अजून ओळखत नाही.

त्या चोरट्या कॅसेटमध्ये एक गुण होता. ती आपली असायची. अडली तर फुंकर मारायची, शेजारच्या गल्लीत अदलाबदल करायची, कंटाळा आला की विकून टाकायची. ती चालवायला जपानची परवानगी लागत नसे, आदिलाबादची वीज असली की पुरे. आणि वीज असली की पुरे म्हणणं हेच तेव्हा केवढं मोठं होतं.

आजच्या अधिकृत मालाचं उलटं आहे. बटण दाबून पैसे दिले, शंभर जीबीचा गेम रात्रभर उतरवला, तरी तुमच्या हाती येतो तो फक्त परवाना. युबिसॉफ्टने २०१४ साली ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम काढला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचं असलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळे सगळंच संपलं. पाठोपाठ विकत घेणाऱ्यांचे परवानेही काढून घेतले. जमीन विकायची आणि दहा वर्षांनी सातबाराच फाडायचा, असा हा व्यवहार. सोनीने तर २३ ऑगस्ट २०२४ रोजी ‘काँकॉर्ड’ आणला आणि ६ सप्टेंबरला बंद केला. गणपती बसायच्या आदल्याच दिवशी विसर्जन. पैसे परत दिले हे कबूल. पण दोन आठवड्यांत मिटणाऱ्या वस्तूला उद्योगवाले ‘लाइव्ह सर्व्हिस’ म्हणतात, याला धाडस लागतं. युरोपात या प्रकाराविरुद्ध जुलै २०२५पर्यंतच्या वर्षभरात दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. आपल्याकडे अशा सह्या गोळा करायच्या तर आधी लोकांना सांगावं लागेल, की बाबांनो, तुम्ही घेतलेली वस्तू तुमची नाहीये.

हे अचानक झालेलं नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी नियम काढला, की चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला हजेरी लावायची आणि वापरलेले गेम विकण्यावर अटी. लोक खवळले. सोनीने संधी साधून बावीस सेकंदांची चित्रफीत काढली. गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एकाने डिस्क उचलली, दुसऱ्याच्या हातात दिली, संपलं. जग हसलं, मायक्रोसॉफ्टने शेपूट घातलं. आता त्याच सोनीचा २०२४चा पीएस-फाइव्ह प्रो डिस्कच्या ड्राइव्हशिवाय येतो. हातात द्यायला डिस्कच नाही, तर चित्रफितीतल्या त्या दोघांनी आता काय, नुसता नमस्कार करायचा?

आता जरा घरच्या दिव्यांकडे. तेलंगण सरकारने २०१६ साली अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी खास धोरण काढलं, गेम बनवणाऱ्यांची देशातली मोठी परिषद अनेक वर्षं हैदराबादला भरली. २००९ साली हैदराबादच्याच ऑरोना कंपनीने पीएस-टूसाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ बनवला. भारतात पूर्ण बनलेला कन्सोलचा पहिला गेम म्हणून त्याचं कौतुक झालं. गेम यथातथाच होता, पण सुरुवात तर झाली. पुढे पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ बनवला. देखणा, आपल्या पुराणकथांवरचा, द गेम अवॉर्ड्सच्या नामांकनापर्यंत गेलेला. तो ऑगस्ट २०२०मध्ये सर्वांत आधी कुठल्या कन्सोलवर आला? निन्टेन्डो स्विचवर. म्हणजे गेम पुण्याचा, गोष्ट आपली आणि तो ज्यावर खेळायचा तो डबा देशात अधिकृत मिळतच नाही. ‘मेक इन इंडिया’ झालं, ‘प्ले इन इंडिया’चं कोणी बघायचं?

आमच्या सीमेवर तर खेळाचे कायदेसुद्धा पैनगंगेपाशी बदलायचे. तेलंगणने २०१७ साली आपल्या १९७४च्या गेमिंग कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी बंद केली. नदीपलीकडे महाराष्ट्रात ती खुशाल चालू. पण जाहिरातीला पैनगंगा ओलांडायला परवाना लागत नसे. इकडच्या मराठी घरात मराठी वाहिनी लावली, की ओळखीचा नट पत्ते पिसत समोर हजर असायचा. जाहिरात बघायची आदिलाबादेत, हरायची हौस असेल तर गाठायचं नदीपलीकडचं पाटणबोरी. जुलै २०२५मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, चित्रफीत फिरली. मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत त्यांचं कृषी खातं गेलं. मिळालं कोणतं? क्रीडा. सरकार गुण हेरत नाही असं कोण म्हणतं? पुढे ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केला आणि नदीच्या दोन्ही काठांवरचे पैशाचे पत्ते मिटले.

पत्ते मिटले, पेटी उघडीच राहिली. कन्सोलवरच्या फुटबॉलच्या गेममध्ये पैसे देऊन बंद पाकीट घ्यायचं. आत मेस्सी निघतो की कुठल्या तरी राखीव संघातला बचावपटू, ते नशीब. याला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. इतकं प्रामाणिक नाव उद्योगात दुसऱ्या कशालाच नसेल. रोख रक्कम परत मिळत नाही, म्हणून हा जुगार नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद. म्हणजे जिंकण्याची शक्यता काढून टाकली की जुगार पवित्र होतो. बेल्जियमने २०१८ सालीच याला जुगार ठरवलं आणि फुटबॉलच्या गेममधली ही विक्री तिथे थांबली.

आणि मोबाइलवाल्यांनी हसू नये. पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, पुढच्या जुलैत तीच मंडळी ‘बीजीएमआय’ नावाने परतली. मुलांच्या काळजीपोटी नियम जाहीर झाले. अठरा वर्षांखालच्याने दिवसाला तीनच तास खेळायचं आणि दिवसाला ७,००० रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ६,०२५. पोराने रोज सुमारे ११६ किलोंहून जास्त कापूस उडवू नये, एवढीच कंपनीची माफक अपेक्षा होती.

तर गिऱ्हाइकाने काय करावं? कन्सोल घ्यायचाच असेल तर डिस्कच्या ड्राइव्हचा घ्या. बिनड्राइव्हचा डबा स्वस्त दिसतो. पण त्यावरचा एकही गेम तुम्हाला विकता येत नाही, मित्राला देता येत नाही आणि भाव ठरवणारं दुकान एकच. ती सूट म्हणजे पुढच्या वसुलीचा आगाऊ हप्ता आहे. गेम आगाऊ बुक करू नका. पहिल्या दिवशी घेऊ नका. सहा महिन्यांत त्याच्या दुरुस्त्या होतात, किंमतही उतरते. धीर धरवत नसेल तर ‘जीटीए’ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीकडे बघा. ‘जीटीए-५’ आला सप्टेंबर २०१३मध्ये. पुढच्याची तारीख आधी २०२५, मग मे २०२६, मग नोव्हेंबर २०२६. कंपनी गिऱ्हाइकाला तेरा वर्षं ताटकळत ठेवू शकते, तर गिऱ्हाइकाने कंपनीला सहा महिने ताटकळत ठेवायला काहीच हरकत नाही.