चालत नाही!

आमच्या घरात कडक पथ्यावर दोघे होते. एक नाना आणि दुसरा सीडी प्लेअर. नानांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी काय चालतं आणि काय चालत नाही याचा तक्ता दिला; तो आईने फ्रिजवर चिकटवला. प्लेअरच्या खोक्यातही तसाच तक्ता निघाला होता. तो मी शिरस्त्याप्रमाणे न वाचता खोक्यात परत ठेवला. दोघांत फरक एवढाच, की नाना संधी मिळाली की पथ्य मोडत.

२००६ सालची गोष्ट. रामनवमी तोंडावर आली होती. घरातल्या गीतरामायणाच्या कॅसेटींची टेप ताणून ताणून अशी झाली होती, की रामाबरोबर गायक बाबूजींचा आवाजही चौदा वर्षं वनवास भोगून आल्यासारखा वाटे. नाना ३२ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी उदाहरण घातलं.

“१ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. आठवड्याला एक, अशी ५६ गाणी. ऐकायला वर्ष लागलं. तुझ्या एका तबकडीत मावतील?”

“आरामात!” मी म्हणालो. घरात कॉम्प्युटरचं ‘कळणारा’ मीच होतो. साध्या ऑडिओ सीडीत ८० मिनिटंच मावतात, कारण तिथे आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं असतं, तेही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळं. मिनिटाला १० एमबी खर्च. एमपीथ्री मात्र कानाला कळणार नाही असं बरंच गाळून टाकते आणि मिनिटाला १ एमबीत भागवते. म्हणजे ७०० एमबीच्या त्याच सीडीत अकरा-बारा तास.

“गिऱ्हाइकाला कळणार नाही एवढंच काढून घ्यायचं,” नाना म्हणाले. “वाण्याचा हिशेब आहे हा.”

सीडी ‘बर्न’ करतोय असं सांगितल्यावर आई दचकली. “रामाची गाणी जाळायची कशाला रे?”

पहिली सीडी मी हौसेने आरडब्ल्यू आणली. पाटीसारखी पुसून पुन्हा लिहिता येते म्हणून. प्लेअरने ती मिनिटभर गरगर फिरवली आणि जाहीर केलं, ‘नो डिस्क’. सीडी पोटात आणि हा म्हणतो सीडी नाही! भरलं ताट समोर असताना ‘जेवण कुठाय?’ विचारण्यातलाच प्रकार. मग खोक्यातला तक्ता काढला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, आरडब्ल्यू चालत नाही. छापील सीडी लेझरचा ७० टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू जेमतेम २० टक्के. आमच्या प्लेअरला अंधारात वाचायची सवय नव्हती.

दुसरी साधी सीडी-आर. तीही चालेना. गाणी लिहून झाल्यावर सीडी ‘फायनलाइज’ करायची असते, म्हणजे आता यात आणखी काही घालणार नाही असं शिक्कामोर्तब करायचं. मी पुढच्या भजनांसाठी जागा मोकळी ठेवली होती. पण शेवटचा पदार्थ वाढून होईपर्यंत हे पाहुणे पानावर बसतच नाहीत.

तिसऱ्या सीडीच्या वेळी भाचा मदतीला आला. त्याच्या कॉम्प्युटरने गाण्यांच्या फाइली एमफोरए जातीच्या केल्या. प्लेअरने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी शक्कल लढवली. फाइलीच्या नावाची शेपटी बदलून एमपीथ्री केली. पण साखरेऐवजी गूळ घातला म्हणून नानांची साखर फसत नव्हती, तसा प्लेअरही फसला नाही.

चौथी सीडी लागली! पहिलं गाणं खणखणीत वाजलं. आईने प्लेअरला हळदकुंकू लावलं. पुढचं गाणं ऐकायची कुणाला गरज वाटली नाही.

रामनवमीला नानांनी मिनिटांचा हिशेब केला. रामजन्माचं गाणं सहावं. अकरा-वीसला सीडी लावली की ते बाराच्या सुमाराला येणार. पाळणा सजला, सुंठवडा झाला, शेजारच्या बायका जमल्या. पहिलं गाणं झालं. मग विश्वामित्र एकदम मिथिलेला निघालेच. अहल्या उद्धरली. आई पाळण्याच्या दोरीला फुलं बांधत होती तोवर स्वयंवर उरकलं. आणि बाराच्या ठोक्याला, दोरी हातात धरून सगळ्या उभ्या असताना, कैकेयी दशरथाकडे वर मागू लागली.

“अगं बाई, अजून जन्मला नाही तर वनात धाडतात कुणाला?” शेजारच्या काकू म्हणाल्या.

प्लेअर बंद करून पाळणा तोंडी म्हटला. पण नाना पेन्सिल घेऊन बसले होते. पाच मिनिटांत त्यांनी चोर पकडला. “हे यंत्र आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतं. आधी १, मग १०, ११, १२ असं १९ पर्यंत, मग २, मग २० ते २९. दशरथाला पायस मिळतं ४५ व्या जागी आणि राम जन्मतो ५३ व्या. तोवर सीतेला वनात सोडूनही झालंय!”

“मग काय करायचं?”

नाना गप्प झाले. मग जड आवाजात म्हणाले, “एक ते नऊच्या डावीकडे शून्य घाल. ३२ वर्षं पोरांना सांगत आलो, डावीकडच्या शून्याला किंमत नसते.”

मी नऊ शून्यं टाइप केली. पाचवी सीडी संध्याकाळी लावली. सहाव्या गाण्याला राम जन्मला. रात्रीचे आठ वाजले होते, पण क्रम चुकला नव्हता. आईने पुन्हा हात जोडले आणि सुंठवड्याचं ताट फिरवलं. नानांचा हात पुढे झाला.

“पिठीसाखर आहे त्यात. चालत नाही.”

“अगं, डावीकडच्या कडेचा चिमूटभर घेतोय. डावीकडच्याला किंमत नसते.”

“असते. आजच सिद्ध झालंय,” म्हणत आईने ताट उचललं.