आस्वादकांचा आंबेमोहोर

२००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर जागीच थोडीथोडी आंबवून विकणारा छोटा कारखाना, सुरू झाली आणि पुढे अशा कारखान्यांची संख्या वाढत गेली, तसे शहरातील एका वर्गाने बिअर पिणे सोडून तिचा ‘आस्वाद’ घेणे सुरू केले. हा आस्वादक शनिवारी भोरच्या किंवा वेल्ह्याच्या (सरकारदरबारी आता राजगड तालुक्याच्या) फार्महाऊसवर जाताना ग्राउलर, म्हणजे ताजी बिअर नेण्याची घट्ट झाकणाची बाटली, वाटभर तान्ह्या बाळासारखी मांडीवर सांभाळतो. कारण झाकण उघडले की तिच्यातील वायू निघून जाऊन दोन दिवसांत ती पाणचट होते. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याजवळही परवाना असावा लागतो, ही तळटीप मात्र आस्वादशास्त्रात सहसा आढळत नाही.

फार्महाऊसवर तोरणा किल्ल्याकडे तोंड करून पेला उजेडात धरला जातो, फेस किती वेळ टिकतो हे पाहिले जाते, नाक आत खुपसले जाते आणि बिअरला कडवटपणा व सुवास देणाऱ्या हॉप्स नावाच्या परदेशी फुलांतून आलेला आंब्याचा गंध सापडल्याची घोषणा होते, जिला उपस्थित मंडळी डोळे मिटून दुजोरा देतात. त्याच वेळी मागच्या चुलीवर, समोरच्याच खाचरात पिकलेला आंबेमोहोर तांदूळ, ज्याला आंब्याच्या मोहोरासारख्या वासावरूनच हे नाव मिळाले, रटरटत असतो. आणि त्याची वाफ ओसरीवर आली की आस्वादकांपैकी कोणीतरी, बिअरच्या गंधात व्यत्यय येतो म्हणून, स्वयंपाकघराचे दार लोटून घेण्यास सांगतो.