स्टेजिंगराव

हे नाव गावानं ठेवलंय. खरं नाव आता आधार कार्डापुरतं उरलंय. लॉकडाउनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला, तो येडशीतच राहिला. गच्चीवरच्या खोलीत बसून परदेशातल्या एका दुकानाची वेबसाइट सांभाळतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याच्या आईनं शेजारणीला सांगून टाकलंय : "बटनाचा रंग बदलतो, त्याचे पैसे देतेत."

काम त्याहून जरा किचकट आहे. नवख्या गिऱ्हाइकाला एक पान दिसावं, बूट बघून गेलेल्याला परत आल्यावर बूटच दिसावेत. निम्म्यांना हिरवं बटण, निम्म्यांना नारिंगी. आणि काल हिरवं बघितलेल्याला आज नारिंगी दिसता कामा नये, म्हणून त्याच्या ब्राउझरमध्ये कुकीची खूण ठेवायची. पण हे सगळं आधी स्टेजिंगवर, म्हणजे गिऱ्हाईक जिथं फिरकतच नाही अशा नकली दुकानात. खात्री पटली की मग प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या दुकानात. दोन्हीकडचे आकडे मिसळले, तर अहवालात रावच दुकानाचं सगळ्यात निष्ठावंत गिऱ्हाईक ठरतो.

एकदा चाचणी तिकडून इकडं आणताना 'पत्त्यात स्टेजिंग असेल तरच दाखव' ही अट गळाली. परदेशातल्या खऱ्या गिऱ्हाइकांना दुकानाच्या माथ्यावर 'टेस्ट टेस्ट शेंगदाण्याची चटणी' दिसलं, तेही देवनागरीत. त्यावर नेहमीपेक्षा जास्त लोकांनी क्लिक केलं, हे तो आजही खासगीत सांगतो.

तेव्हापासून स्टेजिंग त्याच्या अंगातच गेलं. घरात वरणाला नवी फोडणी द्यायची तर निम्म्या घराला नवी, निम्म्याला जुनी. अण्णांच्या ताटात कायम जुनीच.

"मलाच जुनी का रं?"

"तुम्ही कंट्रोल ग्रुप आहात, अण्णा. तुम्ही बदललात तर तुलना कशाशी करायची?"

या घरात आपल्या हातात कंट्रोल आहे, हे अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गप जेवले.

श्रावणी सोमवारी आईला रामलिंगच्या देवळात न्यायचं, तर हा आदल्या दिवशी एकटाच घाटात जाऊन गाडी लावायची जागा, रांग, पायऱ्या आणि माकडं तपासून आला. सगळं पास. सोमवारी माकडानं आईच्या हातातला नारळ पळवला. रविवारी याच्याकडं नारळच नव्हता. "टेस्ट डेटा अपुरा पडला," म्हणाला. आईनं जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

त्याचा हुकमी एक्का म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एकेकाळी येडशीवरून लातूरला जायची ती अडीच फुटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं तिचे डबे इंग्लंडात लीड्सजवळ खास रूळ टाकून आधी पळवून बघितले आणि मग इकडं पाठवले. १८९७ साली गाडी बार्शीला आली, १९११ साली लातूरला पोचली. "बघा, सव्वाशे वर्षांपूर्वी स्टेजिंग!" पारावर हे ऐकून घेणाऱ्या एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "लीड्सला रुळावर म्हशी बसत हुत्या का?"

रावानं वहीत टिपून घेतलं. खरंच.

हायवेच्या चौकातला चहावाला मात्र त्याला मनापासून खटकतो. एसटीचा ड्रायव्हर उतरायच्या आत त्याचा बिनसाखरेचा ओतलेला असतो, मास्तरांना कडक, पाव्हण्याला मलई मारून. कुकी नाही, संमती नाही, अहवाल नाही, थेट प्रॉडक्शन. परवा चहाला नवाच मसाला लागला. राव ताडकन उठला आणि खऱ्या गिऱ्हाइकावर कधी प्रयोग करू नये, यावर त्यानं उभ्या उभ्या व्याख्यान दिलं.

चहावाल्यानं सगळं ऐकून घेतलं. "बराबर हाय तुमचं. म्हणून तर आधी तुमाला दिला," म्हणाला. "गिऱ्हाईक रोख देतंय. तुमची उधारी हाय."