सव्वा किलो

"जरा हातात धरून पाहा, भाऊसाहेब," असे म्हणत जो गृहस्थ कचेरीच्या मधल्या सुट्टीत, भाकरीचा पहिला घास तोंडाशी गेलेला असताना, ठेच्याच्या वाटीशेजारी एक काळी धातूची डबी आणून ठेवतो, त्याची वाचकांशी निराळी ओळख करून देण्याचे प्रयोजन मला दिसत नाही; कारण तो प्रत्येक गावी असतो आणि प्रत्येकाच्या जेवणाच्या वेळा त्याला पाठ असतात. पुण्यात तो कॅमेऱ्याची भिंगे जमवितो आणि घरच्या मांजरीखेरीज कशाचेही छायाचित्र काढीत नाही. नाशकात तो गिर्यारोहणाचे दोर विकत घेतो आणि जिना चढताना धापा टाकतो. आणि सातपुड्यातील आमच्या धडगावात, ज्याच्या नगरपंचायतीचे 'धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक' हे नाव पाकिटावर लिहून पुरे होईतो तिकिटास जागा उरत नाही, तो गिटार वाजवितो. 'वाजवितो' हे क्रियापद मी केवळ शेजारधर्मास स्मरून योजिले आहे. तीन वर्षे आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडून तार छेडल्याचा एक 'टँग', त्यामागून एक दीर्घ निःश्वास आणि त्यामागून "अजून स्वच्छ नाही" हे स्वगत, यांवाचून संगीत म्हणावे असे काही माझ्या कानी आले नाही.

हे सर एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत, आणि मी तहसील कचेरीत अव्वल कारकून. ती काळी डबी म्हणजे त्यांचा पॉवर ॲम्प. पार्सलवाला घाट चढण्यास राजी नसल्यामुळे सरांनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकून ती तळोद्याहून आणली, आणि चांदसैलीच्या वळणावळणांतून येणाऱ्या एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसले असता कंडक्टरने संशयाने "हाई काय शे, सर?" असे विचारताच, तिकिटाचे पैसे काढण्याआधी त्यांनी जे उत्तर दिले तेच पुढे त्यांचे ब्रीद झाले: "पॉवर ॲम्प. एकशे सत्तर वॅट. आणि वजन? फक्त सव्वा किलो!"

हे वजन त्यांनी कोणाच्या शब्दावर मान्य केले होते असे मात्र नव्हे. गावात जेथे जेथे काटा होता तेथे तेथे त्यांनी त्या डबीची हजेरी लावली. किराणा दुकानात ती साखरेनंतर आणि तूरडाळीपूर्वी तोलली गेली. उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवरून वाळवलेल्या कैऱ्यांची गाठोडी बाजारात येतात, तेव्हा आमचूर घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यापुढे दोन म्हाताऱ्यांच्या मागे सर रांगेत उभे राहिले. व्यापाऱ्याने आकडा वाचला, डबी हुंगली आणि "आमचूर असतं तर पैसे दिले असते, सर," असे म्हणून परत केली. टपाल कचेरीत ती तोलून झाल्यावर पाठवावयाची कोठे, हा प्रश्न निघाला तेव्हा सरांना तेथून काढता पाय घ्यावा लागला. या सर्व वजनांची त्यांनी एका वहीत तेरीज मांडली होती. किराण्याच्या काट्यावर १२६५ ग्रॅम, टपालाच्या काट्यावर १२४०. आणि ही पंचवीस ग्रॅमची तफावत त्यांना इतकी सले, की कोणत्या काट्यावर वैधमापनाचा चालू वर्षाचा शिक्का आहे याची चौकशी कचेरीमार्फत करता येईल काय, असे ते मला दबक्या आवाजात विचारीत.

या डबीचे कार्य काय, हे मला पुष्कळ दिवस उमजले नाही. अखेर मी ते कचेरीच्या भाषेत बसवून घेतले, आणि सरांनी मोठ्या नाराजीने का होईना, त्यास मंजुरी दिली. गिटारच्या तारेखालील चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यातून निघणारा विद्युत्संकेत म्हणजे डोंगरावरून चालत आलेल्या अर्जदाराचा क्षीण आवाज. तो मिलिव्होल्टांत मोजावा इतका दुर्बळ असतो. प्रीॲम्प म्हणजे अव्वल कारकून; तो त्या अर्जास वाचण्याजोगे रूप देतो आणि आपला शेरा मारतो. पेडले म्हणजे मधली टेबले. कागद एकेकाच्या पायाखालून जातो आणि प्रत्येक टेबल त्यात काही मिसळते, कोणी खरखर, कोणी प्रतिध्वनी. मॉडेलर म्हणजे तो करामती लेखनिक, जो विलायतेतील शेकडो नामांकित ॲम्पांची हुबेहूब सही करू शकतो. आणि पॉवर ॲम्प म्हणजे कोषागार: तेथे मत कोणाचेही विचारले जात नाही, मंजूर होऊन आलेल्या कागदावर फक्त रक्कम अदा होते, आणि स्पीकरचा पडदा हलतो. पूर्वी हे कोषागार जड रोहित्राचे आणि तापट प्रकृतीचे असे. आता 'क्लास डी' पद्धतीत ते एका सेकंदात लाखो वेळा उघडमीट करते, म्हणून नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती कामी येते, उष्णता थोडी होते, आणि एवढे सामर्थ्य मुठीएवढ्या डबीत मावते. "आणि 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे," सर येथे तर्जनी उभारीत, "ए, बी, सी झाले, पुढचे अक्षर डी, इतकेच!" हे वाक्य त्यांनी गटविकास अधिकाऱ्यास, न्हाव्यास आणि एकदा स्मशानातून परतताना मला सांगितलेले आहे.

त्यांची दुःखेही याच जातीची होती. एकशे सत्तर वॅट हे चार ओहमांच्या भारावर मिळतात, आणि त्यांच्याजवळील बारा इंची स्पीकरची एकुलती एक पेटी आठ ओहमांची निघाली. म्हणजे हाती येणार निम्मे! त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रसन्न मुद्रेने येऊन त्यांनी सांगितले, की निम्मी शक्ती म्हणजे अवघे तीन डेसिबल. कानास दुप्पट वाटावयास शक्ती दसपट लागते. तेवढ्यात लग्नाच्या वरातीची गाडी भिंतीएवढे भोंगे घेऊन कचेरीसमोरून गेली, दप्तरातील फायली थरथरल्या, आणि गाडीवर रंगविलेला 'सतरा हजार वॅट' हा आकडा वाचून सरांनी शांतपणे हिशेब केला: "माझ्यापेक्षा शंभरपट. म्हणजे कानाला फक्त चौपट!" एकदा त्यांना आपला ध्वनी गोधडीत गुंडाळल्यासारखा ऐकू येऊ लागला. तीन रात्री जागून शोध लागला तो असा, की मॉडेलर आधीच स्पीकरपेटीची नक्कल करीत होता आणि तीच नक्कल पुन्हा खऱ्या पेटीतून जात होती. एकाच कागदावर दोन साहेबांचे शिक्के एकमेकांवर उमटले, की वाचता कोणाचाच येत नाही.

'पेडल' या शब्दाचा वारंवार उच्चार ऐकून मी एकदा त्यांना टोचून म्हणालो, की या तालुक्यात त्या शब्दास एके काळी अधिक प्रामाणिक अर्थ होता. नर्मदेच्या खोऱ्यात मुलांच्या शाळांसाठी पायाने पेडल फिरवून वीज करण्याचे यंत्र आले. पुढे २००३ साली याच खोऱ्यातील बिलगावात गावकऱ्यांनी श्रमदान करून नदीच्या पाण्यावर १५ किलोवॅटांचा लहानसा प्रकल्प उभारला आणि घरांत दिवे लावले. 'स्वदेस' हा चित्रपट निघाला तेव्हा त्यामागची प्रेरणा म्हणून याच गावाचे नाव घेतले गेले. आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी चढत आले तेव्हा तो प्रकल्प त्यात बुडाला. दूरच्या शहरांचे दिवे लागावेत म्हणून जे पाणी अडविले, त्याने प्रथम हे दिवे विझविले. माझी अपेक्षा होती की सर यावर काही काळ अंतर्मुख होतील. ते झालेही. मग ओठ हलवीत म्हणाले, "पंधरा हजार भागिले एकशे सत्तर. अठ्ठ्याऐंशी ॲम्प! कार्यक्षमता धरली तर एकोणऐंशी." अशा मनुष्याचा राग तरी किती करावा?

होळीच्या रात्री मी त्यांना मुद्दाम एका पाड्यावर नेले. कमरेला भोपळे आणि घुंगरे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बावा-बुध्या रिंगणात फिरत होते. सरांचे लक्ष मात्र एका म्हाताऱ्या ढोलियाकडे. तो ढोल निखाऱ्यांपाशी धरून चामडे शेकी, बोटांनी थाप मारी, कान देई, मान हलवी आणि पुन्हा शेकी. "पाहिलेत?" सरांनी माझा दंड धरला, "अजून स्वच्छ नाही म्हणतो आहे!" साधर्म्य मला मान्य होते. फरक इतकाच, की त्यानंतर म्हाताऱ्याने उजाडेपर्यंत वाजविले, आणि सर घरी येऊन मॉडेलरच्या यादीत ढोल सापडतो का, ते पहाटेपर्यंत शोधीत बसले.

येथवर हे चित्र संपले असते तर मला बरे वाटले असते. थट्टा करण्यास सोयीचा मनुष्य सोयीचाच राहावा. परंतु एका दुपारी मी मतदार याद्यांच्या कामास आमच्याच गल्लीतील अंगणवाडीत बसलो असताना सर तेथे डोकावले. मुलांच्या वजनाचा दिवस होता, आणि आढ्यास झोळीचा काटा टांगलेला होता. गावात एवढाच एक काटा त्यांच्या वहीतून निसटला होता. "ताई, एक मिनिट," म्हणून त्यांनी डबी पुढे केली. ताईंनी विचारले काहीच नाही. सवयीने झोळीची घडी सारखी केली, डबी आत ठेवली, हेलकावा हाताने थांबविला आणि काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली.

"एक किलो दोनशे पन्नास."

"फक्त सव्वा—" सरांनी आरंभ केला.

"एवढीच होती ती," ताई म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर बसून सरांच्या पिशवीचा बंद चघळीत असलेल्या मुलीकडे त्यांनी बोट दाखविले. "अडीच किलोच्या खाली गेलं की आम्ही कमी वजनाचं लिहितो. ही तर त्याच्याही निम्मी. नंदुरबारला काचेच्या पेटीत ठेवली होती महिनाभर. आता अकरा किलो भरते. आवाज तेवढा अजून बारीक आहे."

सरांनी झोळीतून ती डबी काढून घेतली. एरवी एका हाताच्या बोटांवर नाचविण्याची वस्तू. त्या दिवशी मात्र त्यांनी ती दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन, उचलली. वहीत त्यांनी ते वजन लिहिले नाही.

पुढच्या आठवड्यात, नियमाने परवानगी कोणाची लागते, असे विचारीत ते कचेरीत आले. रात्री दहा ते सकाळी सहाचा निर्बंध, पोलीस ठाण्याचा अर्ज, हे सारे मी सांगितले; आणि वापर किती वॅटांचा होणार, असे विचारले असता ते म्हणाले, "अर्धासुद्धा नाही." मग एका दुपारी अंगणवाडीत एक प्रीॲम्प, ती डबी आणि ती आठ ओहमांची पेटी एवढेच सामान गेले. पेडले घरी, मॉडेलर घरी. सरांनी गिटार वाजविली. आरंभ, मध्य आणि शेवट असलेले एक संपूर्ण गाणे त्यांनी वाजविले, आणि मग गिटारची वायर काढून त्या जागी जत्रेत मिळतो तसला एक माईक लावून तो त्या मुलीच्या तोंडाशी धरला. ती 'आ' म्हणाली. बारा इंची पेटीतून तो 'आ' खोलीभर झाला. ती दचकली, मागे वळून पेटीच्या आत कोण बसले आहे ते पाहू लागली, आणि मग इतकी हसली, की शेजारच्या घरातून बायका बाहेर आल्या. मी जाणकार नाही. तरीही सांगतो, की तो ध्वनी मुळीच चांगला नव्हता. गिटारच्या पेटीतून मनुष्याचा आवाज घोगरा येतो, अर्थिंगचा पत्ता नव्हता, आणि पन्नास हर्ट्झांची घूं घूं अखंड चालू होती. मी भिंतीपलीकडील त्या परिचित निःश्वासाची वाट पाहिली. तो आला नाही. "अजून स्वच्छ नाही" हे शब्दही आले नाहीत. मला ते चुकल्यासारखे वाटले, हे येथे कबूल करतो.

यथावकाश माझ्या बदलीचा हुकूम निघाला. एस.टी. स्टँडवर सर आले ते एक काम घेऊनच. डबीचा जॅक ढिला झाला होता; शहाद्यास दुरुस्त करून मिळेल काय? वायर कोणी ओढली, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तीन वर्षे मी जी हातात धरण्याचे कटाक्षाने टाळले, ती मी निमूटपणे घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. गाडी घाटास लागली. पहिल्याच वळणावर शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी शिदोरी सोडली, भाकरीवर मिरची ठेवली, पहिला घास तोंडाशी नेला आणि माझ्या मांडीकडे पाहून सहज विचारले, "काय आहे हो ते?"

"जरा हातात धरून पाहा," मी म्हणालो.