काटा आणि भांडण

आमच्या कोकणातल्या घरामागच्या परड्यात मला एकदा साळिंदराचा काटा सापडला. वीतभर लांब, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, आणि टोक असं की दाभणानं लाजावं. मी तो मिरवत माजघरात आणला आणि आजी कडाडली, "आधी बाहेर टाक तो! साळिंदराचा काटा घरात आला की भांडणं लागतात."

"काही लागत नाहीत," आजोबा म्हणाले. झालं. रात्रीची जेवणं होईस्तोवर दोघांची जुंपली. आजीचं म्हणणं सिद्ध झालं.

आजोबांचंही एक शास्त्र होतं : साळिंदर काटे बाणासारखे मारतं. तेही खोटंच. काटे म्हणजे त्याचे राठ झालेले केस. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचेच. सहज गळतात, पण नेम धरून सोडता येत नाहीत. बिचारं आधी पाय आपटतं, शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळवतं. एवढं सांगूनही समोरचा हलला नाही, तर पाठ फिरवून मागच्या मागे त्याच्यावर धडकतं. जिम कॉर्बेटनं मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा एक डोळा असाच गेला होता, वर पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतलेले.

साळिंदराचं खाणं मात्र कंदमुळांचं. रात्री येऊन आमची रताळी फस्त करायचं. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून हा शाकाहारी गृहस्थ हाडंही कुरतडतो. बिळाच्या तोंडाशी हाडं पडलेली दिसतात.

आणि भांडणाचं खापर ज्याच्या काट्यावर, त्याचा संसार कसा? नर-मादी वर्षानुवर्षं जोडीनं, एका बिळात राहतात. पिल्लांचं दोघंही बघतात. जवळ येताना काटे अंगालगत पाडून घ्यायचे, एवढं त्यांना उपजत कळतं. आपल्या गृह्यसूत्रांनाही ते ठाऊक असावं. सीमंतोन्नयनात नवऱ्यानं गर्भार बायकोचा भांग पाडायचा, तो साळिंदराच्या काट्यानंच.

हे सगळं मला पुढे पुस्तकांतून कळलं. त्या रात्री आजीनं काटा उचलला आणि थेट गडग्यापलीकडे भिरकावला. त्यानंतर दोघं आणखी बावीस वर्षं एकत्र राहिली आणि रोज भांडली.